डेंग्यूचा डास नालीत नाही, रांजणात वाढतो! डास रोखण्याचं संशोधन काय सांगतं आणि गावात काय करायचं?

गावात दोन-चार जणांना ताप येतो, एखाद्याचा डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह निघतो आणि लगेच मागणी होते ती धूर फवारणीची. ग्रामपंचायत मशीन मागवते, पोरं धुराच्या मागं पळतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतात. आठ दिवसांनी डास परत हजर. मग लोक म्हणतात, औषधच डुप्लिकेट होतं.

औषध डुप्लिकेट असो-नसो, फवारणी चुकीच्या जागी झालेली असते. डेंग्यूचा डास नालीत वाढत नाही. तो आपल्या घरात, आपणच भरून ठेवलेल्या पाण्यात वाढतो. बीड जिल्ह्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण आपल्याकडं नळाला किंवा टँकरला रोज पाणी येत नाही. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी रांजण, टिपाड, हौद, सिंटेक्स जे मिळेल त्यात साठवावंच लागतं. 'साठवलेलं पाणी ओतून द्या' असं सांगणं सोपं आहे, पण टँकरचं पाणी ओतून द्यायची छाती कुणाची होणार?

म्हणून डासांवर शंभर-सव्वाशे वर्षांत काय संशोधन झालं, त्यातलं आपल्या कामाचं काय आणि पाणी न फेकता डास कसा रोखायचा, हे एका ठिकाणी देत आहोत.

तीन डास, तीन सवयी

सगळे डास सारखे नसतात. कोणता डास कुठं वाढतो हे कळलं तर अर्धं काम झालं.

ॲनाफिलीस : हा हिवतापाचा म्हणजे मलेरियाचा डास. तुलनेनं स्वच्छ, साचलेल्या किंवा हळू वाहणाऱ्या पाण्यात वाढतो. पाझर, कालव्याची गळती, नदीतली डबकी, विहिरी, शेताकडेचे खड्डे या त्याच्या जागा. रात्री चावतो. बसताना शेपटीकडची बाजू वर करून तिरपा बसतो.

क्युलेक्स : हा नालीचा, गटारीचा, सांडपाण्याच्या डबक्याचा डास. हत्तीरोग पसरवतो. संध्याकाळी कानाशी गुणगुण करणारे बहुतेक हेच.

एडिस : हा काळा, पायावर पांढरे पट्टे असलेला. काही ठिकाणी याला टायगर मच्छर म्हणतात. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार हाच पसरवतो. दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार उलटल्यावर जास्त. घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि कपाटामागं, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांत दडून बसतो.

चावते फक्त मादी. अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. नर फुलांच्या, झाडांच्या रसावर जगतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं जालन्याच्या प्रयोगात तिचा संबंध येतो.

शोध लागला सिकंदराबादला

डासामुळं हिवताप होतो हे पूर्वी कुणाला माहीत नव्हतं. खराब हवेनं ताप येतो असं समजत. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डॉ. रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला ॲनाफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्या वेळी आपला बीड जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यात होता. पुढच्या वर्षी कलकत्त्याला रॉस यांनी पक्ष्यांवर काम करून डासाच्या चाव्यातून जंतू कसा जातो हे दाखवलं. 1902 साली त्यांना नोबेल मिळालं. 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात तो यामुळंच.

बार्शीची 1973 ची साथ आणि उन्हाळा

डासांचे आजार पावसाळ्यातच येतात असा आपला समज आहे. शेजारच्या बार्शीचं उदाहरण वेगळं सांगतं. 1973 च्या मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं (एनआयव्ही), तिचा अभ्यास केला. शंभरातल्या सुमारे 37 जणांना लागण झाल्याचं त्यात आढळलं.

त्यानंतर चिकुनगुन्या देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. तीस-बत्तीस वर्षांनी, 2005 च्या शेवटी तो परत आला. 2006 मध्ये देशभरात जवळपास 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाड्यात गावंच्या गावं खाटेवर होती. सांधे धरल्यामुळं ज्यांना विळा धरता येत नव्हता, त्यांना ते वर्ष अजून आठवतं. या वेळचा विषाणू जुना नव्हता, आफ्रिकेतल्या प्रकारचा होता, असं एनआयव्हीच्या तपासणीत दिसलं. डास मात्र तोच, घरातल्या पाण्यातला.

जुलै 2021 मध्ये पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या गावात तापाची साथ होती. तिथले नमुने तपासताना राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. म्हणजे हे आजार आता शहरापुरते राहिलेले नाहीत.

उन्हाळ्यात साथ का येते, तर पाणी टंचाईमुळं. टंचाई जितकी जास्त, तितकी घरात भांडी जास्त भरलेली आणि तितके जास्त दिवस न हललेली. पावसाळ्यात यात टायर, नारळाच्या करवंट्या, पत्र्यावरचे डबे, प्लास्टिकचे कप यांची भर पडते.

सात दिवसांचा हिशोब

एडिसची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती पाण्यात नाही, तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवून घालते. पाणी लागलं की अंडी फुटतात, अळी होते, अळीचा कोष होतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत उडणारा डास तयार होतो.

आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं आरोग्य विभाग सांगतो, त्याचा हिशोब हा आहे. दर सात दिवसांनी भांडं मोकळं करून घासलं तर अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही.

पण नुसतं मोकळं करून भागत नाही. एडिसची अंडी कोरड्या भांड्यात काही महिने जिवंत राहतात. पाणी परत भरलं की फुटतात. आपल्या जिल्ह्यात याचा एक वेगळा अर्थ होतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास घर बंद करून जातात. रांजण, टिपाड कोरडं पडून असतं. पाडव्याच्या आसपास माणसं परत येतात, टँकरचं पाणी भरतात आणि जुन्या अंड्यांना पाणी मिळतं. म्हणून परत आल्यावर पहिलं पाणी भरायच्या आधी रांजण-टिपाड आतून काथ्यानं घासून काढणं गरजेचं आहे. नुसतं विसळून अंडी निघत नाहीत.

आणखी एक गोष्ट. एडिस फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तुम्हाला चावणारा डास तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या घरातलाच. एकट्यानं भांडी घासून उपयोग नाही, आळीनं मिळून एकाच दिवशी करायला हवं.

धूर फवारणीचा उपयोग किती?

धुरानं फक्त त्या क्षणी उडणारे डास मरतात. अळीला, कोषाला, अंड्याला काहीच होत नाही. त्यात एडिस घरात दडलेला आणि धूर रस्त्यावर. लोक वास नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. साथ पेटली असेल तेव्हा विषाणू पोटात असलेले डास पटकन कमी करायला धुराचा उपयोग आहे, पण त्याच दिवशी भांडी मोकळी झाली नाहीत तर आठवड्यात नवीन डास येणारच.

डीडीटीचा धडा आपल्याला बोंडअळीनं शिकवलाय

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरात डीडीटी फवारली. 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. हिवताप संपला असं सगळ्यांना वाटलं. पण 1976 मध्ये रुग्ण परत 64 लाखांवर गेले. देखरेख ढिली पडली होती आणि डास डीडीटीला जुमानत नव्हते.

कापूस उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज नाही. तेच तेच औषध मारत राहिलं की वाचलेल्या किडीची पिल्लंही त्या औषधाला पचवतात. गुलाबी बोंडअळीचं बीटी कपाशीवर जे झालं, तेच डासाचं डीडीटीवर झालं.

म्हणून 1983 मध्ये मलेरिया संशोधन केंद्रानं गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात, नडियाद तालुक्यात वेगळा प्रयोग केला. फवारणी न करता गावकऱ्यांना सोबत घेऊन खड्डे बुजवले, पाण्याचा निचरा केला, पाण्यात गप्पी मासे सोडले. गावानं मनावर घेतलं तर औषधाशिवाय हिवताप खाली येतो, हे त्यातून दिसलं.

नांदेडचा शोषखड्डा

मराठवाड्यातलं उदाहरण म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी, तालुका हिमायतनगर. या गावानं घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्याच बंद केल्या आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. पुढं जिल्हा परिषदेनं रोजगार हमीतून हे काम जिल्हाभर नेलं. 'मॅजिक पिट' किंवा नांदेड पॅटर्न म्हणतात तो हाच.

साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची, बाजूनं दगड भरायचे. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो आणि पाणी दगडांतून जमिनीत मुरतं. वरून झाकण. टाकीतला गाळ अधूनमधून काढावा लागतो. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ, बोअरजवळ खड्डा घ्यायचा नाही.

शोषखड्ड्यानं नालीतला क्युलेक्स कमी होतो, गाव स्वच्छ राहतं, पाणी मुरतं. पण घरातला रांजण तसाच राहिला तर डेंग्यू तसाच राहतो. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

गप्पी मासे : फुकटचा राखणदार

गप्पी मासा बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा. पिल्लं घालतो, अंडी नाही, म्हणून लवकर वाढतो. एक मासा दिवसाला साधारण 80 ते 100 अळ्या खातो. घासता न येणारे मोठे हौद, जनावरांची टाकी, वापरात नसलेल्या विहिरी, बांधकामाची टाकी यासाठी हा उत्तम. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी मासे पैदास केंद्र असतं. आशाताईंकडं किंवा आरोग्य सेवकाकडं मागणी करा.

दोन पथ्यं पाळा. मासे सोडलेल्या पाण्यात औषध किंवा ब्लिचिंग टाकू नका, मासे मरतात. आणि गप्पी नदी-ओढ्यात, तलावात सोडू नका. बाहेरचा मासा आहे, आपल्या देशी माशांच्या पिल्लांना तो त्रासदायक ठरतो.

व्हिएतनाममध्ये अशाच साठवणुकीच्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा पाण्यातला जीव सोडून एडिसच्या अळ्या संपवल्या. कित्येक गावांतून एडिस नाहीसा झाला. तिथं शाळेतली मुलं, बायका, गावातले स्वयंसेवक घरोघर फिरून टाक्या पाहत होते. जीव सोडण्याइतकंच ते फिरणंही महत्त्वाचं होतं.

अळीनाशक : ॲबेट आणि बीटीआय

आरोग्य सेवक भांड्यात थेंब टाकतात ते टेमिफॉस, म्हणजे ॲबेट. लोक घाबरतात, टाकू देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत हे औषध पिण्याच्या पाण्यातही चालेल असं ठरवलं आहे. म्हणजे दोनशे लिटरच्या टिपाडाला काही थेंबच लागतात. मात्र हे प्रमाण आरोग्य सेवकानंच ठरवायचं. दुकानातलं शेतीचं कीटकनाशक घरच्या पाण्यात कधीही टाकू नका.

दुसरं बीटीआय. आपल्या बीटी कपाशीतला जनुक ज्या जिवाणूतून घेतला, त्याच जिवाणूचा हा चुलत भाऊ. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या डबक्यात सापडला. डासाच्या अळीनं खाल्ला की तिचं आतडं फुटतं. माणूस, जनावर, मासे यांना अपाय नाही. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनं देशी बीटीआयचं तंत्र विकसित केलं आहे.

डासानंच डास मारायचा : जालन्याचा प्रयोग

आता नव्या संशोधनाकडं. जानेवारी 2017 मध्ये आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात दावलवाडी इथं एक चाचणी सुरू झाली. गंगाबिशन भिकुलाल इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग ही कंपनी आणि इंग्लंडची ऑक्सिटेक यांनी जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत जनुक बदललेले एडिस नर सोडले. नर चावत नाही. तो जंगली मादीशी जोडी करतो, पण पिल्लं मोठी व्हायच्या आधीच मरतात. असे नर सोडत राहिलं तर डासांची संख्या घटते, असा हिशोब. ही चाचणी जाळीच्या आतलीच होती. जनुक बदललेला जीव उघड्यावर सोडायचा तर सरकारी समित्यांच्या मंजुऱ्या लागतात आणि ते बरोबरच आहे.

असं काही करताना लोकांना विश्वासात घ्यावं लागतं, हा धडा जुना आहे. 1970 च्या दशकात दिल्लीजवळ जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर मिळून डासांच्या नसबंदीवर काम करत होते. सोनीपतला डास सोडायची तयारी होती. संशय, आरोप, वर्तमानपत्रांतला गदारोळ यात 1975 मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला.

दुसरी पद्धत वोल्बाकियाची. हा जिवाणू फळमाशीत आणि अनेक किड्यांत आपोआप असतो, एडिस एजिप्टीत नसतो. तो एडिसमध्ये घातला की डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही आणि हा गुण अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. यात डास मारायचा नाही, निरुपद्रवी करायचा. इंडोनेशियाच्या योग्यकार्ता शहरात अर्ध्या भागात असे डास सोडले, अर्ध्या भागात नाही. 2021 मध्ये निकाल आला : सोडलेल्या भागात डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी, दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण 86 टक्क्यांनी कमी. जुलै 2022 मध्ये पुदुच्चेरीच्या केंद्रानंही भारतीय एडिसमध्ये वोल्बाकिया घालून डासांच्या जाती तयार केल्याचं जाहीर केलं.

डेंग्यूची देशी लसही चाचणीत आहे. आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला सुरू झाली.

पण हे सगळं आपल्या वस्तीवर येईल तेव्हा येईल. तोवर हातात आहे ते भांडं आणि काथ्या.

पाणी न फेकता कोरडा दिवस कसा पाळायचा?

1. पाणी यायच्या आदल्या दिवशी भांडी सगळ्यात रिकामी असतात. तोच आळीचा कोरडा दिवस ठरवा. पाण्याची पाळी सात दिवसांपेक्षा लांब असेल तर मधे एकदा पाणी गाळायचंच.

2. उरलेलं पाणी दुहेरी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. कापडावरच्या अळ्या कोरड्या मातीवर झटका, त्या मरतात. पाणी वापरायला मोकळं.

3. रिकामं भांडं आतून, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ, काथ्यानं किंवा ब्रशनं घासा. विसळलेलं पाणी झाडाच्या बुडाला, कोरड्या जमिनीवर ओता. भांडं उन्हात वाळवा.

4. पाणी भरल्यावर जुनी साडी किंवा धोतर तोंडावर ताणून दोरीनं बांधा. नुसती फळी ठेवली तर फटीतून डास जातो.

5. घासता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा.

6. फ्रिजमागचा ट्रे, कूलर, कोंबड्यांची भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या बघा. टायर, फुटके डबे झाकून ठेवा किंवा भोक पाडा.

7. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी किंवा कापड बांधा.

हे लिहिणाऱ्यानंही स्वतःचं घर तपासलं. रांजण स्वच्छ होता, पण बैलांच्या टाक्यात मोबाइलची बॅटरी मारली तर अळ्या वळवळत होत्या. तुम्हीही एकदा बॅटरी मारून बघा.

ताप आला तर

अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिवतापाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आणि नंतर आयजीएम ही तपासणी होते. नुसत्या रॅपिड किटवर न थांबता एलायझा तपासणीबद्दल विचारा.

डेंग्यूचा संशय असेल तर तापाला पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या-इंजेक्शनं घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, ओआरएस भरपूर द्या.

डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरल्यावर असतो. पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी संडास, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, माणूस सुस्त किंवा बेचैन होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर वाट पाहू नका.

तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला एडिस आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो.

ग्रामसभेत काय विचारायचं?

आरोग्य कर्मचारी घरोघरी भांडी तपासून 'हाऊस इंडेक्स' काढतात. शंभर घरं पाहिली आणि 12 घरांत अळ्या सापडल्या तर इंडेक्स 12. ब्रेटो इंडेक्स म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती. फवारणी कधी करणार हे विचारण्याआधी आपल्या गावाचा हा आकडा किती आहे ते विचारा. पुढच्या महिन्यात परत विचारा. आकडा खाली आला तर काम झालं, नाही आला तर धुराचे फोटो कितीही पडू द्या, डास घरातच आहे.

जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंग्यू प्रतिरोध महिना म्हणून पाळतात. पण आपल्या टंचाईच्या जिल्ह्यानं सुरुवात मार्चलाच करायला हवी. ज्या दिवशी पहिला टँकर गावात येतो, त्याच दिवसापासून.